पाण्यातली सायकल : कर्ली खाडीसाठी पेडल कयाक निवडतानाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

मामाची होडी यंदा पावसाळ्यानंतर पाण्यात उतरलीच नाही. मांगरात पालथी पडून आहे, उलांडी (तोल धरणारा बाजूचा ओंडका) सुटी करून वाशांना बांधलेली. मामाचा उजवा खांदा दोन वर्षांपासून धरलाय, वल्हं ओढवत नाही. मला वल्हवता येतं, पण वल्हवताना गरवता, म्हणजे गळाने मासे धरता येत नाही, हे खरं दुखणं. पाण्याला ओढ असली की एका हाताने होडी सांभाळायची आणि दुसऱ्या हातात रॉड. दोन्हींतलं एकही धड होत नाही. कर्ली खाडीवरच्या नेरूरपारच्या पुलाच्या खांबांपाशी तांबोशी असते, चोणक असतो, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण तिथे पोचलं तरी होडी दोन मिनिटं एका जागी राहत नाही.

म्हणून पायाने चालवायची कयाक, एकट्याने बसायची छोटी होडी. हात मोकळे, पाय कामाला. दिवाळीच्या सुट्टीत डोक्यात शिरलं ते काही निघेना. फेब्रुवारीपर्यंत पाण्यात उतरवायची, खर्च दोन लाखांच्या आत. नोंदी ठेवतोय, कारण गेल्या वर्षी इन्व्हर्टर घेताना काय ठरवलं होतं आणि का, ते चार महिन्यांनी मलाच आठवेना.

मामाला मोबाइलवर फोटो दाखवला. त्याने चष्मा पुसला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि विचारलं, "ह्या सायकलीक घंटी खंय आसा?"

१४ नोव्हेंबर

तीन रात्री वाचन. सार असं की यंत्रणा दोनच, बाकी त्यांच्या आवृत्त्या.

पहिली पंख्याची. पाय सायकलसारखे गोल फिरतात, खाली गिअर, दांडा आणि बोटीच्या पोटाखाली छोटा पंखा. उलटं पेडल मारलं की कयाक मागे. समजायला सोपी, गुडघ्यांना ओळखीची. पण पंखा पोटाखाली हातभर खोल लोंबतो, त्याला निदान दीड फूट पाणी हवं.

दुसरी परांची. होबी कंपनीने १९९७ साली ही मिराज ड्राइव्ह आणली, ग्रेग केटरमन या माणसाच्या डोक्यातून निघालेली. होबी म्हणजे मुळात कॅलिफोर्नियातले सर्फबोर्ड आणि जोडहोड्या करणारे लोक. केटरमनने कल्पना पेंग्विनच्या पोहण्यावरून घेतली. बोटीखाली दोन लवचीक पर असतात. एक पाय पुढे रेटला की दुसरा मागे येतो आणि पर एकमेकांना छेदत आडवे झुलतात. पाणी मागे फेकलं जातं, बोट पुढे. गोल फिरवणं नाही, जिना चढल्यासारखं. एक पेडल पूर्ण पुढे दाबून धरलं की दोन्ही पर पोटाला चिकटतात आणि उथळ पाण्यावरून सरकता येतं. जुन्या साध्या संचाला मागे जाता येत नाही. पुढे कंपनीने दोरी ओढून दिशा उलटवायची सोय असलेला प्रकार काढला, त्याची किंमत वेगळी.

पंखा की पर, यावर जगभरातले गळवाले एकमेकांच्या उरावर बसलेत. आपल्याकडे सुरमई मोठी की पापलेट यावर बसतात तसे.

बारा वाजले. लांबीचं गणित उद्या.

१५ नोव्हेंबर

लांबीचं गणित : पाण्यात बसलेली बोटीची लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ, गुणिले १.३४. येतो तो वेग नॉटमध्ये, आणि त्याच्या पुढे कितीही पाय मारले तरी बोट स्वतःच्याच लाटेवर चढायला बघते. १० फुटी : सव्वाचार नॉट, म्हणजे ताशी ७.८ किलोमीटर. १२ फुटी : ४.६ नॉट, ८.६ किलोमीटर. कागदावर फरक किरकोळ. पण ओहोटी पुलाखालून सुटते तेव्हा हाच फरक घरी नेणारा.

१० फुटी बाद नाही, पण मागच्या बाकावर.

१७ नोव्हेंबर, रविवार (कार्तिक वद्य द्वितीया)

आज पाण्याचं नाही, जमिनीचं माप घेतलं. मुद्दाम सुकतीची, म्हणजे पाणी पुरतं उतरल्याची वेळ धरली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते; द्वितीयेला दीड, म्हणजे सुकती साडेसातच्या आसपास. मामा अजूनही कॅलेंडर बघून हेच करतो, आणि माझ्या मोबाइलवरच्या अ‍ॅपशी त्याचा पाऊण तासाच्या आतबाहेर मेळ बसतो.

मांगरापासून पोफळीतून वाट, १४० पावलं, उताराची. मग जांभ्या दगडांचा गडगा. गडग्यातून खाडीकडे जायला जी फट आहे ती टेपने मोजली : खाली ८८ सेंटिमीटर, वर ९३, कारण एक दगड फुगून आत आलाय. गडग्यापलीकडे भरतीला थेट पाणी. आज सुकतीला ६१ पावलं चिखल. पहिली वीस पावलं घट्ट, पुढे काठी टोचली तर फूटभर आत, शेवटच्या टप्प्यात मी स्वतः पोटरीपर्यंत. त्यात चिप्पीची श्वसनमुळं खिळ्यांसारखी उभी. (पांढऱ्या चिप्पीला २०२० साली महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्ष केलं. मामाच्या मते ती आधीपासूनच राणी होती, कारण तिला कोणी हलवू शकत नाही.) तिवरं तोडून वाट करायचा प्रश्नच येत नाही. २००५ पासून उच्च न्यायालयाची बंदी आहे, आणि मुळात त्यांच्यामुळेच गडगा अजून जागेवर आहे.

मामा गडग्यावर बसून माझी मोजणी बघत होता. म्हणाला, "होडी पाण्यात खंयचीव हलकीच. जमनीर जड जाता."

हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. मी आठवडाभर वाचत होतो ते सगळं पाण्यातलं होतं. वेग, स्थैर्य, पर, पंखा. आणि मला ही वस्तू एकट्याने, पहाटे, अंधारात, ८८ सेंटिमीटरच्या फटीतून न्यायची आहे.

२४ नोव्हेंबर

वजनाचं गणित. मी ८६. लाइफ जॅकेट, बूट, कपडे ४. क्रेट, रॉड, रीळ, डबे ९. पाणी ३. बर्फाची पेटी भरलेली १०. नांगर दोरीसह ३. जोडीला ठेवायचं वल्हं १. एकूण ११६ किलो.

कंपन्या 'क्षमता' लिहितात ती बुडायच्या काठावरची. जाणते लोक तिचा सत्तर टक्केच हिशेब धरतात. १० फुटीची छापील क्षमता १५० दिसली, तिचे सत्तर टक्के १०५. म्हणजे मी मासा न पकडताच ११ किलोने जास्त. १० फुटी बाद.

होबी कंपास, १२ फुटी : १८१, सत्तर टक्के १२७. जमतं. होबीचीच आउटबॅक : १९३. जमतं. त्यांच्याच प्रो अँगलर १४ मध्ये २७२ किलो, मामालाही घेऊन जाता येईल. पण नुसतं धूडच पन्नासच्या वर आणि रुंदी ३८ इंच, म्हणजे ९७ सेंटिमीटर. गडग्यातून जाणार नाही. आडवी करून जाईल म्हणावं, तर चाकांच्या गाडीवर आडवी करता येत नाही.

गडगा तोडायचा का, असं मामाला सहज विचारलं. त्याने ऐकलंच नाही असं दाखवलं.

१ डिसेंबर, रविवार

गोव्यात एका विक्रेत्याकडे गेलो. चीनमधून येणारी पंख्याची १२ फुटी, बिननावाची, पण दिसायला देखणी. खुर्ची उत्तम, घरच्या सोफ्यापेक्षा बरी. किंमत माझ्या हिशेबात. विक्रेता म्हणाला, नुसती बोट ३२ किलो. मी सामान तोलायचा हुकाचा काटा बरोबर नेला होता. दोन टोकं वेगवेगळी तोलली, बेरीज ४१ निघाली. तो म्हणाला काटा खराब असेल. मी त्याच काट्याला त्याची पाण्याची २० लिटरची भरलेली बाटली लावून दाखवली. मग तो चहाचं विचारायला लागला.

राग नऊ किलोंचा नाही. माझ्या गाडीच्या पुस्तकात छपराची मर्यादा ५० किलो आहे, कॅरियर धरून. कॅरियर ८. म्हणजे ३२ वर विश्वास ठेवून मी दहा किलोंची सवड धरली असती आणि महामार्गावर प्रत्यक्षात एकाचीच उरली असती.

हुकाचा काटा : साडेतीनशे रुपये. या प्रकल्पातली आतापर्यंतची सगळ्यात चांगली खरेदी.

१५ डिसेंबर, रविवार (पौर्णिमा)

आज चूक माझी, लिहून ठेवतो.

म्हापशाचा मित्र त्याची पंख्याची कयाक घेऊन आला. चांगल्या कंपनीची, सगळ्या सामानासकट पन्नाशीच्या पुढे. पौर्णिमा म्हणजे उधाण, भरती सव्वाअकराला. बारा वाजता गडग्यापाशीच पाणी होतं, दोघांनी उचलून ठेवली आणि मी बसलो. पाण्यात पाय टाकायचीही गरज पडली नाही. याच सुखाने घात केला.

पाण्यावर पंख्याला तोड नाही. दहा मिनिटांत पाय आपोआप लयीत आले. पुलाच्या तिसऱ्या खांबापाशी गेलो, पुढे-मागे, पुढे-मागे, खांबापासून बरोबर एक रॉडभर अंतरावर उभा राहिलो. दोन्ही हात मोकळे. इतकी वर्षं होडीत जे जमलं नाही ते पंधरा मिनिटांत. एक बारका गोबरा लागला, उलटं पेडल मारत त्याला खांबापासून ओढून मोकळ्या पाण्यात घेतला. तेव्हाच मनात घेऊन टाकली होती.

तीनच्या सुमारास खालच्या अंगाने परत निघालो. मधल्या भाटावर, म्हणजे वाळूच्या उंचवट्यावर पाणी गुडघाभर राहिलेलं. कर्र करून पंखा वाळूत. संच वर उचलला, वल्हं काढलं. पुन्हा खोल पाण्यात आलो, संच खाली सोडला आणि पेडल जड झालं. वाहून आलेल्या जाळ्याचा नायलॉनचा पुंजका दांड्याला गुंडाळला होता. कयाकवर पोटावर पडून सुरीने कापायला वीस मिनिटं. तेवढ्यात ओहोटीने मला पाव किलोमीटर खाली नेलं.

काठाला लागलो तेव्हा साडेचार. गडग्यापर्यंत चिखल. मित्र पलीकडून आला, मी अलीकडून, दोघेही गुडघ्यापर्यंत. पन्नास किलोची वस्तू चिखलातून ओढताना एक गंमत होते : जितकी ओढाल तितके तुम्ही खाली जाता. बारा पावलांत आम्ही संपलो. मित्राचा एक बूट आत गेला तो गेलाच. मामा गडग्यावरून ओरडत होता, "सोडा ती थंयच! पाणी हाडतला तिका!"

तसंच केलं. खुंटाला बांधून वर आलो, अंघोळ केली, मामीने पेज दिली. सुकती साडेपाचची, मग पाणी चढायला लागलं. साडेआठला मशालीसारखा एक टॉर्च घेऊन गेलो तर कयाक गडग्यापासून हातभर अंतरावर तरंगत होती, जणू काही झालंच नाही. एका बोटाने ओढली.

१६ डिसेंबर

कंबर. ऑफिसात खुर्चीतून उठताना शिपायाने विचारलं, पडलात का?

५ जानेवारी २०२५, रविवार

गोव्यातल्या शापोरा नदीच्या पात्रात जुनी कंपास चालवून पाहिली. मालक नोकरीनिमित्त परदेशी चाललेत, विकायची आहे. साध्या मिराजची, म्हणजे मागे जाण्याची सोय नाही. पर मात्र आपटले तर मागे मुडपणारे.

पहिली दहा मिनिटं विचित्र वाटलं. जिना चढायचा पण उंची वाढत नाही. मग मांड्या समजून घेतात. एक गोष्ट कुठे वाचली नव्हती : पर झुलतात तेव्हा बोट अगदी हलकीशी शेपटी हलवल्यासारखी डोलते, आणि तळाशी एक टक्‌टक् असते, ती कानाला नाही, पार्श्वभागाला कळते. मासे बुजतात का? मालक म्हणाले नाही. विकणारा दुसरं काय म्हणणार.

मोबाइलवर वेग पाहिला. गप्पा मारत ताशी साडेपाच. दम लावून सात. अकरानंतर खारा वारा आला, पश्चिमेकडून तोंडावर. साडेचारवर आलो, पण पाय थांबले नाहीत. वल्हं असतं तर एव्हाना खांदे बोलले असते.

मुद्दाम उथळात घातली. खाली तिसऱ्या दिसत होत्या इतकं पाणी कमी. डावं पेडल पुढे दाबून धरलं, पर पोटाला चिकटले आणि कयाक वाळूवरून सरकत गेली. मधेमधे छोटे झटके मारले तरी चालते. कर्र आवाज नाही.

मग खांबासारखा एक खुंट शोधून त्याच्यासमोर उभं राहायचा प्रयत्न केला. इथे नापास. पुढे जास्त गेलो की वल्हं उचलायचं, मागे ओढायचं, वल्हं ठेवायचं, रॉड उचलायचा. तोवर खुंट माझ्या मांडीवर.

उभा राहिलो. ३४ इंच रुंदी, तळ जवळजवळ सपाट. हलली नाही. पण होडीशी फरक कळला : होडी आधी डुलते, मग उलांडी तिला धरते. ही बराच वेळ गप्प असते आणि एका मर्यादेनंतर सांगून न सवरता जाते. गेलो नाही, पण ती मर्यादा कुठे आहे ते पायाला कळलं.

काट्यावर : नुसती बोट ३१. पेडलचा संच सातएक. खुर्ची वेगळी निघते.

८ जानेवारी

निर्णय. पंखा पुलाखाली जिंकतो. बाकी सगळीकडे पर. मी महिन्यात चार वेळा जाणार, त्यात पुलाखाली फार तर दोन-दोन तास. पण प्रत्येक वेळी दोनदा गडगा, एकदा भाट, आणि तिथी चुकली की चिखल. ३१ किलो मी एकटा चिखलावरून ओढू शकतो. पर पोटाला लावून हातभर पाण्यात काठापर्यंत येऊ शकतो. रुंदी ८६, फट ८८. आउटबॅकही ८६चीच, पण बोट आठ किलोने जड आणि माझ्या खिशालाही.

सौदा दीड लाखाच्या थोडा वर झाला. बायको म्हणाली, एवढ्यात रिक्षाला आगाऊ रक्कम देता आली असती, तिलाही तीनच चाकं. मी म्हटलं हिला दोन, तीही जोडीच्या गाडीला. ती हसली नाही.

१९ जानेवारी, रविवार

आणली. बोट पालथी, दोन रुंद पट्टे, पुढून-मागून दोरी, मागच्या टोकाला लाल कापड. बांद्याच्या नाक्यावर थांबवलं. एका हवालदाराने झाकण उघडायला लावून आत टॉर्च मारला. गोव्याहून येणाऱ्या पोकळ वस्तूत काय असू शकतं याचा त्यांना अनुभव दांडगा. आत स्पंजचा एक तुकडा आणि आधीच्या मालकाचं वाळलेलं सुंगट निघालं.

मांगरात ठेवायची जागा : दोन पट्टे वाशांना बांधून त्यात पालथी टांगली. पॉलिएथिलिन उन्हात आणि एकाच टेकूवर फार दिवस ठेवलं की तळाला पोचे पडतात. मामाच्या होडीच्या बरोबर वर आली. मामीच्या मते होडीला बरं वाटत नसेल.

२६ जानेवारी, रविवार (वद्य द्वादशी)

भरती नऊला. झेंडावंदन करून थेट पाण्यात. आज मासे नाहीत, फक्त पडायचं.

छातीभर पाण्यात नाही, खोल पाण्यात, मामा किनाऱ्याला आणि शेजारचा पोरगा होडीत. कयाक मुद्दाम उलटी केली. उलटीची सुलटी करणं सोपं : पोटावर चढायचं, पलीकडची कड धरायची, मागे झुकायचं. वर चढणं अवघड. तीनदा चढलो, तीनदा परत पाण्यात, एकदा पायासकट पलीकडे. कारण सापडलं : लाइफ जॅकेटच्या पुढच्या खिशात डबी, पक्कड, मोबाइल, सगळं कोंबलेलं; काठाला अडकत होतं. खिसे रिकामे केले. पाय मागे आडवे करून बेडकासारखी लाथ, पोटावर सरपटत आत, मग वळून खुर्चीवर. चौथ्यांदा जमलं, सहाव्यांदा एका मिनिटात.

हरवलं : एक चष्मा, एक चप्पल, मामीने दिलेला घावण्यांचा डबा. डबा तरंगत राहिला, झाकण निघालं, घावणे बाहेर. बोयांचा थवा आला आणि पाणी उकळल्यासारखं झालं. अर्ध्या मिनिटात एकही नाही. गळाला घावणे लावून बघायला हवेत, हे मी गमतीने लिहीत नाही.

धडा एवढाच की बांधलेलं राहतं, ठेवलेलं जातं. वल्हं, पक्कड, पेडलचा संच, खुर्ची, सगळ्यांना दोरी.

९ फेब्रुवारी

जोडणी. मागे दुधाचा क्रेट, त्याला पीव्हीसी पाइपचे तीन तुकडे रॉडसाठी. उंच काठीवर नारिंगी फडका, कारण देवबागच्या बाजूला संगमावर पर्यटकांच्या बोटी सुसाट असतात आणि पाण्यालगत बसलेला माणूस त्यांना दिसत नाही. तिकडे जायचंच नाही असं आधी ठरवलं होतं, पण माणूस बदलतो.

चाकांची गाडी : आधीच्या मालकाची गाडी बोटीच्या तळाच्या भोकांत दांडे घालून बसणारी. तिथेच पुढे तडे जातात असं दोघातिघांनी सांगितलं. ती दिली, पट्ट्याने बांधायची घेतली, फुगीर चाकांची. घट्ट चिखलापर्यंत चालते. पुढे बोट स्वतःच घसरते, गाडी क्रेटवर.

नांगरावरून वाद. मी चार नखांचा घडीचा नांगर आणला. मामा म्हणाला, तो झाडांच्या मुळांत नाहीतर कालवांत अडकणार आणि तू तो सोडवायला जाणार. त्याने दोन किलोचा एक लांबट दगड घेतला, काथ्याच्या जाळीत बसवला. अडकला तर काथ्या तुटेल, दगड जाईल, तू राहशील. यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. एक मात्र मी जोडलं : दोरी मधल्या कडेला नाही, टोकाला, आणि झटक्यात सुटणारी. ओढीच्या पाण्यात आडव्या बाजूने नांगर टाकला तर कयाक पाण्याखाली ओढली जाते.

२३ फेब्रुवारी, रविवार (वद्य दशमी)

काल रात्री आंगणेवाडीची जत्रा, झोप तीन तास. तरी सहाला पाण्यात. मतलई (जमिनीकडून येणारा) वारा पाठीवर, थंड. पुलापर्यंत पंचवीस मिनिटं, घाम नाही.

आठ वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्या खांबाजवळ ल्युअरला (नकली आमिषाला) झटका. तांबोशीचा झटका ओळखू येतो. ती खाऊन पळत नाही, घरी पळते. घर म्हणजे खांबाचं बूड. रॉड वाकला, आणि मासा माझ्याकडे यायच्या ऐवजी मी माशाकडे निघालो. कयाकचं नाक सरळ खांबाकडे. पाय आपोआप उलटे फिरायला गेले. उलटं काही नाहीच. एका हाताने वल्हं ओढलं, ते दोरीत गुंतलं. मग रॉडमधलं वजन एकदम गेलं. दोरा वर घेतला तर शेवटचा हात खरखरीत, कालवांनी किसलेला.

डाव्या पराच्या टोकालाही एक चीर.

पाचेक मिनिटं पुलाखाली नुसता बसून होतो. वर एक एसटी गेली. म्हापशाच्या मित्राला मेसेज केला नाही.

संध्याकाळी मामाला सांगितलं. त्याने विचारलं, खांबाच्या खंयच्या अंगाक होतंस? वरच्या, म्हटलं. म्हणजे पाणी तुला खांबावर ढकलत होतं. मग तो उठून आत गेला, म्हणजे विषय त्याच्याकडून संपला.

९ मार्च, रविवार (फाल्गुन शुद्ध दशमी)

भरती साडेसातला, आठनंतर ओहोटी सुटते. आज खांबाच्या खालच्या अंगाला थांबलो, तोंड ओढीकडे, खांब माझ्यापुढे. हळूहळू पेडल मारलं की जागच्या जागी. पाय थांबवले की पाणी आपोआप मागे नेतं. मागे जायची सोय मला विकत घ्यायची नव्हतीच, ती दिवसातून दोनदा फुकट येते. फक्त तिच्या वेळा पाळाव्या लागतात.

सव्वानऊ. झटका. पाय थांबवले. मासा खांबाकडे, मी आणि खाडी उलट दिशेला. दोन मिनिटं कोणीच जिंकेना, मग सुटली, मोकळ्यात आली. तांबोशी, हुकाच्या काट्यावर एक किलो दोनशे.

मामीने अर्धी तिखल्यात, अर्धी तळून. मामाने डोकं घेतलं, ते त्याचंच.

साडेदहाच्या आत परत. अकरानंतर खारा वारा सुटतो, ते शापोऱ्यात शिकलो.

१६ मार्च

पराची चीर : बारीक सँडपेपर, मग लवचीक गोंद. टिकला नाही तर नवा पर मागवायचा. पेडलच्या साखळ्या गोड्या पाण्याने धुवून, वाळवून, तेल. खारं पाणी एका रात्रीत करतं ते काम मी दर रविवारी उलटं करतो.

मामा शेजारी बसून बघत होता. पेडलवर हात ठेवून त्याने ते पुढे रेटलं, मागे आलं, पुन्हा रेटलं. "हेका खांदो लागना नाय," म्हणाला. मी हो म्हटलं आणि पुढे पुसत राहिलो.

२३ मार्च, रविवार (वद्य नवमी)

भांगाची (कमी चढणारी) भरती, पावणेसातला. साडेपाचला पोचलो. मांगरात पट्टे रिकामे लोंबत होते.

खाली मामाची होडी जागेवर. चाकांची गाडी नाही. पोफळीतल्या वाटेवर दोन चाकांच्या रेषा, मधे अनवाणी पावलं. गडग्यातली फट रुंद झालेली. फुगलेला दगड काढून बाजूला नीट रचून ठेवलेला. ज्या गडग्यावरून नोव्हेंबरात त्याने मला उत्तरही दिलं नव्हतं.

"ते पाटेकच गेले," मामी चुलीपाशी म्हणाली, "सायकल घेवन."

खुंटीवर लाइफ जॅकेट तसंच टांगलेलं.

मी गडग्यावर बसलो. उजाडलं. पाणी भरून थांबलं, मग उतरायला लागलं. पुलाच्या दिशेला काही दिसेना. शेजारच्या पोराला होडी काढायला सांगावं, असं मनात आलं तेव्हा सव्वाआठ झाले होते, आणि तेवढ्यात चिप्पीच्या फांद्यांआडून नारिंगी फडका आला. मामा रॉडला हातही न लावता नुसता बसून येत होता, खुर्चीवर काथ्याचं पोतं घातलेलं, पाय शिवणयंत्रावर असावेत तसे सावकाश. हातातली गरीची दोरी त्याची जुनीच. माझे रॉड पाइपात, न वापरलेले.

पाच काळुंदर. आणि तक्रार : खुर्ची मागे फार कलते, माणसाला झोप येते.

मी जॅकेटवरून बोललो, बरंच बोललो. तो मासे साफ करत राहिला. शेवटी म्हणाला, उकडतं.

दुपारी जॅकेट खुंटीवरून काढून खुर्चीच्या पाठीला दोन गाठी मारून बांधलंय. गाठी सोडल्याशिवाय खुर्चीत बसताच येऊ नये अशा.